किल्लारीचे पुनर्वसन म्हणजे केवळ ‘सिमेंटची नवी गावे’ नव्हे

दर ३० सप्टेंबरला एक संदेश हमखास फिरतो. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या घरांनी माणसे मारली, मग शासनाने गावे उठवून सुरक्षित जागी सिमेंटची घरे बांधली आणि त्यामुळेच हा भाग पुन्हा उभा राहिला, असा त्याचा आशय असतो.

पहिला मुद्दा दगडमातीचा. १९९३ च्या त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दोष उघडा पडला तो दगडाचा नव्हे, बांधणीचा. भिंती दोन-तीन फूट जाड असल्या तरी त्यांचे आतले आणि बाहेरचे दगडी थर वेगवेगळे होते, मधल्या पोकळीत खडी-माती भरलेली होती, दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड क्वचितच होते आणि माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीचा, फूट-दोन फूट थर होता. भिंती ढासळूनही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा कित्येक ठिकाणी उभा राहिला, हे अभियंत्यांनी तेव्हाच नोंदवले. उलट सिमेंट स्वतःहून तारत नाही, हे २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात, भूकंपकेंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत कोसळलेल्या बहुमजली इमारतींनी दाखवले.

‘सुरक्षित जागी’ या शब्दांना तर आधारच नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे हलवली गेली, पण बहुतेक नवी गावठाणे जुन्यांपासून काही किलोमीटरच्या आतच आहेत, आणि भूकंपाचा धक्का एवढ्या अंतराने टळत नाही. ढिगाऱ्याखाली आपली माणसे गमावलेल्यांना त्या जागी पुन्हा राहावेसे वाटले नाही, हे स्थलांतराचे खरे आणि पूर्णपणे समजण्याजोगे कारण होते. त्याला भूशास्त्राचा मुलामा देण्याची गरज नाही.

या स्थलांतराची किंमत संदेशात कुठेच येत नाही. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले: भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. अनेक गावांत एका आकाराची घरे एका रांगेत आली आणि भावकीचा शेजार मोडला. वाड्याच्या बंद अंगणाची सवय असलेल्या बायकांना रुंद, सरळ रस्त्यावर उघडणारी दारे मिळाली.

शेवटी, ‘शासनाने बांधून दिली’. किल्लारीनंतरच्या याच पुनर्वसन कार्यक्रमाचा आकड्याने सर्वांत मोठा भाग, १३ जिल्ह्यांतील दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण, स्वतः घरमालकांनी आपापल्या गावातच केला. मदत हप्त्याहप्त्याने मिळाली, आणि गावोगावच्या ‘संवाद सहायक’ महिलांनी भिंतीत आरपार दगड कसे बसवायचे, माळवदाची माती किती उतरवायची, हे घरोघर समजावले. पुढे कच्छमध्ये बहुतेक गावांनी स्थलांतर नाकारले, तेव्हा गुजरातने मुख्यतः हीच घरमालकाच्या हाती पैसा देण्याची पद्धत स्वीकारली.