प्रत्येक पिवळी छत्री जंगली पार्स्निपची नसते

मे उजाडला की अमेरिकेत इलिनॉय-विस्कॉन्सिनकडे राहणाऱ्यांना हमखास हा सल्ला मिळतो : ‘प्रेअरीत, म्हणजे गवताळ माळरानात, शेपूसारखी पिवळी फुलं दिसली की ती विषारी जंगली पार्स्निप. तसली दुसरी झाडं असली तरी फुलं सारखीच, ओळखायला जाऊ नका. हात लागला तरी भाजतं. दिसेल ते उपटा.’ यात नाहक जीव जातो तो गोल्डन अलेक्झांडर्सचा, म्हणजे तिथल्याच मातीतल्या, तशाच पिवळ्या फुलांच्या झिझिया ऑरिया या झाडाचा.

‘शेपूसारखी’ हे बरोबर आहे. शेपू, बडीशेप, कोथिंबीर आणि या दोघी एकाच कुळातल्या, म्हणून तर गल्लत होते. पण मेमध्ये फुललेली, गुडघा-कंबरेएवढी दिसते ती बहुधा गोल्डन अलेक्झांडर्स. युरोपातून आलेली पार्स्निप साधारण जूनपासून फुलते आणि छातीपर्यंतही वाढते.

फुलं सारखी? जरा वाकून बघा. मोठ्या छत्रीत अनेक छोट्या छत्र्या असतात. त्यातल्या एकीच्या अगदी मधलं फूल शोधा. गोल्डन अलेक्झांडर्समध्ये त्याला देठ नसतो, ते तळाशीच टेकलेलं असतं. पार्स्निपच्या सगळ्या फुलांना देठ असतात. मला ही खूण फार आवडते, भिंग असेल तर आणखी मजा. मात्र मेडो पार्स्निप नावाच्या दुसऱ्या स्थानिक झाडातही मधलं फूल देठावर असतं, म्हणून पान बघितल्याशिवाय निकाल देऊ नका. जंगली पार्स्निपचं पान कढीपत्त्यासारखं : मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाच ते पंधरा पर्णिका, कडा ओबडधोबड कातरलेल्या. गोल्डन अलेक्झांडर्सच्या पर्णिका तीन-तीनच्या गटात, कडेला बारीक दाते.

हात लागून भाजत नाही. पार्स्निपच्या तुटलेल्या पानाखोडाचा रस कातडीला लागला आणि त्यावर ऊन पडलं, तर फोड येतात. हिरव्या लिंबाचा रस हाताला लागलेला असताना उन्हात बसलं तरी असंच होऊ शकतं. पार्स्निप काढायचीच असेल तर हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात.

आणि ‘दिसेल ते उपटा’ याला माझा ठाम विरोध आहे. अँड्रीना झिझिए नावाची एक इवली, जमिनीत बिळं करणारी मधमाशी आहे. पिल्लांसाठी ती जवळजवळ गोल्डन अलेक्झांडर्सच्याच फुलांचे पराग गोळा करते, आणि तिचा सगळा हंगाम ही फुलं असतात त्या काही आठवड्यांचाच असतो.