घर भाड्याने हवंय? मग आधी नवीन सिम घ्या

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. पुण्यात हल्ली हे 'आमच्याकडे लग्न आहे' च्या सुरात सांगतात, लोक अभिनंदनही करतात. कोथरूडात आमच्याच रस्त्यावरच्या चार सोसायट्या एकदम रिकाम्या झाल्या आणि सगळ्यांना त्याच दोन किलोमीटरमध्ये टू बीएचके हवा, कारण आईचे डॉक्टर इथे, मुलीचा क्लास इथे, उधारीवर देणारा वाणी इथे. दीड महिना घर शोधलं, मिळालं, सामान लागलं, आणि आता मी या विषयातला तज्ज्ञ आहे. तुम्हीही या फेऱ्यात येणार असाल (याल हो, तुमची बिल्डिंग पण ऐंशीच्या दशकातलीच आहे ना?) तर हे अनुभवाचे बोल घ्या. एक महिन्याचं भाडं मागत नाहीये.

सगळ्यात आधी नवीन सिम घ्या. घराच्या अ‍ॅपवर नंबर टाकला की तो नंबर तुमचा राहत नाही, तो 'लीड' होतो, आणि लीड विकतात. मला पहिल्या दिवशी एकवीस फोन आले, त्यातले दोन होम लोनचे, एक मॉड्युलर किचनचा, आणि एक बाई मला खराडीत थ्री बीएचके विकतच घ्या म्हणून मागे लागली. घर मिळून तीन आठवडे झाले. फोन चालू आहेत.

मग अ‍ॅपचा पैसेवाला प्लॅन घ्या. ब्रोकरेज वाचवण्यासाठी साडेतीन हजार भरायचे, ही आपल्या काळाची मोठी प्रगती आहे. त्यात एक रिलेशनशिप मॅनेजर मिळतो. मला तीन मिळाले, एका पाठोपाठ एक, आणि तिघांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, "सर बजेट किती आहे?" आमची रिलेशनशिप तिथून पुढे गेलीच नाही.

त्या प्लॅनमध्ये 'डायरेक्ट ओनर'चे नंबर मिळतात. ओनर ओळखायची माझी एक पद्धत आहे. विचारायचं, बाल्कनी कुठल्या दिशेला आहे? एक ओनर म्हणाला, विचारून सांगतो. स्वतःच्या घराची बाल्कनी! दुसऱ्या ओनरचे कोथरूडात अकरा फ्लॅट निघाले, अकराही कालच रिकामे झालेले, आणि मी सांगितलेला नेमका आत्ताच गेला, पण सर दुसरा आहे, दाखवू का.

फोटो बघून घर ठरवू नका. फोटो त्या घराचे नसतात.

'सेमी फर्निश्ड' म्हणजे पंखे.

'मेट्रोपासून पाच मिनिटं' असेल तर कशाने ते विचारू नका, उगाच त्यांना वाईट वाटतं. आणि कोथरूड म्हटलं की कोथरूडच असणार असा हट्ट धरू नका. आम्ही एक 'प्रॉपर कोथरूड' बघायला निघालो तर चांदणी चौक ओलांडला तरी कोथरूड संपेना, शेवटी बावधनला जाऊन संपलं.

आता साइट व्हिजिट. इथे जरा नीट लक्ष द्या. ब्रोकर सोबत येईल असं समजून जाऊ नका. तो लोकेशन पाठवतो. रविवारी अकराची वेळ दिली होती, आईला घेऊन गेलो, आई शहात्तर वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. किल्ली वॉचमनकडे. वॉचमन नाश्त्याला. लिफ्ट बंद. जिन्यात आमच्यासारखी अजून चार कुटुंबं, त्यातली दोन आमच्याच बिल्डिंगमधली, म्हणजे 'सर फक्त तुमच्यासाठी होल्ड केलाय' हे सगळ्यांना सांगितलेलं. अर्ध्या तासाने किल्ली आली, आई एकेक पायरी करत तिसऱ्या मजल्यावर पोचली, आणि साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. म्हणे, "काका, जरा किचन दाखवा ना. आता हॉल. बेडरूमची खिडकी. वॉर्डरोब उघडा." मला वाटलं मला काहीतरी दाखवायचंय त्याला. तर नाही. "मी अजून बघितला नाहीये ना काका फ्लॅट."

म्हणजे मी ब्रोकरला घर दाखवत होतो.

पुढे ऐका. त्याने तो कॉल रेकॉर्ड केला आणि दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ अ‍ॅपवर 'व्हर्च्युअल टूर' म्हणून चढवला. माझ्या हाताचं कोपर दिसतंय, आणि मागून आईचा आवाज, "अरे पण इथे शेगडी ठेवायची कुठे?" आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फिरून आला. शेवटी आम्ही तेच घर घेतलं (शेगडी खिडकीजवळ बसली), भाडं चौतीस हजार, आणि त्या मुलाने एक महिन्याचं ब्रोकरेज मागितलं. पूर्ण. मी म्हटलं कशाचं? तर म्हणाला, "काका, तुम्हाला बिल्डर देतोय ना ब्रोकरेज, मग तुमच्या खिशातून काय जातंय?" हे यांना सगळं माहीत असतं. कुठल्या सोसायटीचं अ‍ॅग्रीमेंट झालं, बिल्डर भाडं किती देतोय, शिफ्टिंगचे किती, ब्रोकरेजचे किती, आकडे तोंडपाठ. घराला नळ किती, ते माहीत नाही.

आमच्या जुन्या रस्त्यावर एक ब्रोकर काका होते, लाँड्रीच्या दुकानात बसायचे, हातात रेक्झिनची डायरी. तेही महिन्याचं भाडं घ्यायचे, काही समाजसेवा करत नव्हते, आणि 'आडनाव काय?' हा प्रश्न बजेटच्या आधी विचारायचे. (तो प्रश्न अजून आहे, फक्त आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, फॅमिली? व्हेज? सरनेम?) पण किल्ली घेऊन दारात उभे असायचे, नळ सोडून दाखवायचे, आणि एकदा मला स्वतःहून म्हणाले होते की हे घेऊ नका, उन्हाळ्यात वर पाणी चढत नाही. स्वतःचं कमिशन सोडून. डायरी गेली, अ‍ॅप आलं, आणि काम माझ्याकडे आलं. शोधायचं मी, फोन करायचे मी, तीन मजले मी चढायचे, शूटिंगही मीच करायचं. फी तेवढी जिथल्या तिथे राहिली, उलट वर प्लॅनचे साडेतीन हजार.

कायदा आहे म्हणून कॉलर ताठ करायची असेल तर जरूर करा. मी पण केली, रेरा नंबर मागितला, म्हणजे रिअल इस्टेट कायद्याखालचा एजंटचा नोंदणी नंबर. हसला. "काका, रेरा विक्रीला असतो." आणि गंमत म्हणजे त्याचं बरोबर आहे. २०१६चा कायदा, एजंटने नोंदणी करायची, महारेराने तर २०२३ पासून एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षाही लावली, पण हे सगळं विक्रीसाठी. भाड्याचं घर दाखवणाऱ्याला नोंदणी नको, परीक्षा नको, मोबाइल आणि बाइक पुरे. मोबाइल तरी पुरे, बाइक लागत नाही हे वर सांगितलंच.

विकत घेणाऱ्यांनी हसू नका. भाचा पुनावळ्याला स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या पेट्रोलने साइटवर गेला, तर तिथल्या पोरीने नंबर टाकून सांगितलं, तुम्ही एका चॅनल पार्टनरच्या (म्हणजे बिल्डरचे फ्लॅट खपवणाऱ्या एजंटच्या) नावावर टॅग आहात. कधीतरी रात्री फेसबुकवर त्या प्रोजेक्टच्या जाहिरातीवर बोट लागलं होतं. त्या बोटाचे दोन-तीन टक्के कुणालातरी जाणार. मराठीत पूर्वी याला दलाली म्हणायचे, आता पार्टनरशिप म्हणतात.

अ‍ॅग्रीमेंटचं पॅकेजही घेऊन टाका. अकरा महिन्यांच्या कराराला स्टँप ड्युटी पाव टक्का, शहरात रजिस्ट्रेशन हजार रुपये, सरकारच्या साइटवर घरबसल्या होतं. म्हणून पॅकेज साडेचार हजार. करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे, हे मालकाला सांगून बघा. मी सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला कायदा बराच माहितीये, मग दुसरं घर बघता का?" भरले साडेचार हजार.

न्यूयॉर्कमध्ये जून २०२५ पासून ज्याने ब्रोकर लावला त्यानेच त्याची फी भरायची असा नियम झाला, मावसभाऊ सांगत होता. आपल्याकडे हे बोललात तर मालक खोकतात. घर मालकाचं, ब्रोकरला फोन मालकाने केला, भाडं तीन हजारांनी वाढवून घेतलं मालकाने, आणि फी आम्ही द्यायची. का? अकरा महिने झाले की त्याच घरात, त्याच खुर्चीवर बसून राहिल्याबद्दल परत अर्ध्या महिन्याचं 'रिन्यूअल ब्रोकरेज' द्यायचं, ते कशाबद्दल? त्या पोराने काय केलं? तारीख बदलली!

बास झाली मस्करी. अरे, चौतीस हजार घेता ना? या देशात कितीतरी लोक महिनाभर राबून एवढे मिळवत नाहीत. मग रविवारी सकाळी उठून या तिथपर्यंत. घर आधी स्वतः बघा. लिफ्ट बंद असेल तर फोनवर सांगा की लिफ्ट बंद आहे, म्हणजे गुडघे बदललेली बाई तीन जिने चढणार नाही. गेलेला फ्लॅट अ‍ॅपवरून काढा. ओनर नसाल तर ओनर म्हणू नका, त्याला साध्या मराठीत खोटं बोलणं म्हणतात. आणि मालकहो, तुम्ही सुद्धा, पोरगा लोकांना कसं वागवतो ते तुम्हाला दिसतं, तुमच्या खिशातून जात नाही म्हणून तुम्ही गप्प. आणि आपण भाडेकरू तर धन्य, जिन्यात पाच कुटुंबं उभी होती, एकानेही तोंड उघडलं नाही, मी पण नाही, कारण बोललो तर फ्लॅट मागच्याला जाईल.

आणि पावती द्या. मी मागितली तर म्हणाला, "काका, जीपेचा स्क्रीनशॉट आहे ना." क्यूआर कोड स्कॅन केला होता तेव्हा नाव आलं होतं एका मोबाइलच्या दुकानाचं. चौतीस हजारांना मी काय घेतलं, फोन? नाव, रक्कम, कशाबद्दल, तारीख, सही. पाच ओळी. छापील पावतीपुस्तक अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळतं. ते पण मीच आणून देऊ?