आज मॅटवर आहे का मातीवर?

सकाळी पावणेसहाला फोन वाजला. या वयात या वेळेला फोन वाजला की माणूस आधी चष्मा शोधतो आणि मग म्हाताऱ्या नातेवाइकांची मनातल्या मनात हजेरी घेतो. मी हजेरी घेत घेत नाशिकच्या मामांपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "आज मॅटवर आहे का मातीवर?"

म्हणजे कबड्डीची निवड चाचणी मॅटवर आहे का मातीच्या मैदानावर. गेल्या मंगळवारपासून हा सतरावा फोन. आमच्या जिल्हा कबड्डी संघटनेच्या संकेतस्थळावर सगळ्यात वर एक लाल पट्टी उजवीकडून डावीकडे धावत असते. सध्या तिच्यात माझा मोबाइल नंबर धावतोय. तीन वर्षांत त्या संकेतस्थळावर झालेला हा एकमेव बदल. लोकांचे अभिप्राय गोळा करून मी जी काय सुधारणा घडवून आणली, ती एवढीच.

मी कबड्डीपटू नव्हे. संघटनेत सहचिटणीस आहे तो भिडेपोटी, आणि 'कॉम्प्युटरमधला' आहे तो सगळ्या पदाधिकाऱ्यांची रेल्वेची तिकिटं मोबाइलवरून काढून देतो म्हणून. वार्षिक सभेत आभारप्रदर्शन आणि चहा यांच्या मधल्या फटीत कुणीतरी म्हणालं, वेबसाइट सुधारली पाहिजे. कुणीतरी म्हणालं, आधी लोकांची मतं घ्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. संकेतस्थळ सुधार समिती स्थापन झाली. सदस्यसंख्या एक.

संकेतस्थळाची तब्येत सांगायची तर, कबड्डीत एक चढाई ३० सेकंदांची असते. आमचं पहिलं पान उघडेपर्यंत दोन चढाया सहज होतात. 'नियमावली'चं पान जुन्या काळच्या फॉन्टात टाइप केलेलं असल्यामुळे मोबाइलवर तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांची भेळ दिसते. ज्या डीटीपीवाल्याने ते केलं, त्याच्या दुकानातल्या एका कॉम्प्युटरवर ते मराठी दिसायचं. तो कॉम्प्युटर भंगारात गेला. त्यामुळे आज आमच्या जिल्ह्यात कबड्डीचे नियम वाचू शकेल असं एकही यंत्र शिल्लक नाही. पंचही बहुधा आठवणीवरच चालवतात.

आधी मी प्रश्नावली व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली. एकसष्ट जणांनी हात जोडले. एकाने अध्यक्षांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, त्यावर आणखी ऐंशी शुभेच्छा आल्या, आणि माझी प्रश्नावली त्या केकाखाली गाडली गेली. फॉर्म भरून आले तीन. त्यातला एक चालतोय का बघायला मीच भरलेला. मग मी शंभर झेरॉक्स काढल्या, दोन रुपयाला एक, आणि निवड चाचणीच्या दिवशी क्लिपबोर्ड घेऊन मैदानावर गेलो.

तिथे आप्पा भेटले. खरं म्हणजे मी आप्पांना भेटलो. आप्पा तिथे असतातच. गुणलेखकाच्या टेबलामागे, मंडपाच्या पहिल्या खांबाला टेकून, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून बसलेले. एक खुर्ची त्यांचं वजन पेलत नाही. आप्पा त्यांच्या काळातला जिल्ह्यातला उजवा कोपरा, म्हणजे बचावाच्या उजव्या टोकाला उभं राहून चढाईपटूला धरणारा गडी. त्यांनी घोटा धरला की चढाईपटू घरी पत्र पाठवायचा, असं त्यांचंच म्हणणं आहे. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. वेबसाइट त्यांनी जन्मात बघितलेली नाही. पण हातात कागद आणि पेन असलेला माणूस त्यांना वगळून पुढे जातोय, हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं.

"काय रे, कसली वर्गणी?"

"वर्गणी नाही आप्पा, अभिप्राय. आपल्या संकेतस्थळाबद्दल."

"विचार."

"आपण संकेतस्थळाला किती वेळा भेट देता? रोज, आठवड्यातून एकदा, क्वचित?"

"बोलावल्याशिवाय मी कुणाकडे जात नाही."

मी 'क्वचित'वर खूण केली. "हवी ती माहिती सहज सापडते का?"

"कसली माहिती?"

"म्हणजे स्पर्धा कुठे, कधी, असं."

"ती मीच देतो लोकांना. मला कशाला सापडायला पाहिजे?"

तिसरा प्रश्न होता, 'मांडणी कशी वाटते?' इथे माझी चूक झाली. मी मोबाइलवर पहिलं पान उघडून त्यांच्या हातात दिलं. पहिल्या पानावर, बाकी काही उघडो न उघडो, पदाधिकाऱ्यांचे फोटो उघडतात. एका ओळीत सात. आप्पांनी मोबाइल हातभर लांब धरला, चष्मा कपाळावर ढकलला आणि बराच वेळ निरखून बघितलं.

"ही मांडणी कुणी लावली?"

"अध्यक्षांच्या जावयांनी. त्यांनीच बनवलीय ना वेबसाइट."

"डाव्या कोपऱ्याला अध्यक्ष? त्याचा गुडघा गेलाय. कोपऱ्याला गुडघा लागतो. त्याला आत घे, साखळीत."

"आप्पा, हे फोटो आहेत."

"फोटोत तरी नीट उभे राहा म्हणावं. हा कोण, कार्याध्यक्ष? हा मधे उभा राहून काय करणार? बघ्या आहे. हा खजिनदार मात्र कव्हरला ठेव. याच्या हातात एकदा काही आलं की सुटत नाही." मग त्यांनी बोटाने एकेक फोटो मोजला. "सात आहेत म्हणजे बोनस चालू. कोणीही येईल, पाय टाकेल आणि गुण घेऊन जाईल. आणि वजन? पुरुषांना ८५ किलोच्या आत लागतं. यातले चार वजनकाट्यावरच बाद."

एव्हाना मागे पाच-सहा पोरं जमली होती. मैदानात सामना चालू होता, पण प्रेक्षक आमच्याकडे. एकाने विचारलं, "आप्पा, मग लोण बसेल का?" लोण म्हणजे सगळा संघ बाद. आप्पा म्हणाले, "दुसऱ्या चढाईला." मला हसू आवरेना आणि त्याच वेळी घामही फुटला, कारण खजिनदार आमच्यापासून दहा फुटांवर वडापाव खात होते.

मी घाईघाईने पान बदललं आणि 'इतिहास' उघडला. ते एकच पान आमच्याकडे नीट दिसतं. त्यात १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी केलेलं प्रात्यक्षिक आहे, १९९० ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेतलं पहिलं सुवर्ण आहे, कबड्डीमहर्षी बुवा साळवी आहेत, २०१८ ला जकार्त्यात इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत आणि बायकांना अंतिम फेरीत हरवलं तेही आहे. आप्पांनी मला सगळं मोठ्याने वाचायला लावलं. जकार्त्यापाशी ते एकदम गंभीर झाले. मला वाटलं, इराणचं दुःख असेल.

"आणि ८७ सालचं?"

"कुठलं?"

"पेठेतल्या मैदानावर. तीन गडी उरले होते आमचे. तिघांनी त्यांचा चढाईपटू धरला. पितळी चषक होता, एवढा. हे इराणचं इथे कशाला? इराण काय आपल्या जिल्ह्यात येतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. खरोखरच, बर्लिनपासून जकार्त्यापर्यंत सगळं असलेल्या त्या पानावर आमच्या जिल्ह्यातल्या एकाही सामन्याचा निकाल नाही.

आप्पांनी फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला, शेवटच्या 'एकूण मत' या रकान्यात 'उत्तम' लिहिलं, खाली सही, तारीख, आणि कंसात 'उजवा कोपरा'. माझं पेन खिशाला लावलं. मोबाइल परत देताना म्हणाले, "सगळी माणसंच माणसं. यात मैदान कुठाय?"

मैदान होतं. तोच तर घोटाळा होता.

सव्वाअकराला मुलींचा एक संघ धापा टाकत आला. बारा मुली आणि त्यांच्या क्रीडाशिक्षिका. पहाटेची पहिली एसटी पकडून निघालेल्या. संकेतस्थळावर चाचणीचं ठिकाण बघून त्या तिथे गेल्या होत्या, आणि ते ठिकाण तीन वर्षांपूर्वीचं होतं. पलीकडच्या तालुक्यातलं. तिथे शाळेचा शिपाई सोडून कोणी नव्हतं. तिथून दुसरी एसटी, मग वडाप, मग चालत. आमच्याकडे वजनं घेणं दहाला बंद झालेलं. निवड समितीने नियमावर बोट ठेवलं (कुठल्या नियमावर, ते वाचता येत नाही हे वर सांगितलंच आहे). तासभर खल झाला, शेवटी वजनं घेतली आणि मुलींना खेळवलं. उपाशीपोटी, उन्हात, पाठोपाठ दोन सामने. दुसरा चार गुणांनी गेला.

बाईंनी माझा फॉर्म मात्र पूर्ण भरला. एवढ्या लोकांत त्या एकट्याच, ज्यांनी संकेतस्थळ खरोखर वापरलं होतं. 'सूचना' या रकान्याला मी एकच ओळ ठेवली होती. त्यांनी ती भरली, मग समासात लिहिलं, मग कागद उलटून मागे लिहिलं. शांतपणे, सुवाच्य अक्षरात. मला आप्पा परवडले.

कारण ठिकाण चुकलंय हे मला आठ दिवस आधी दिसलं होतं. पासवर्ड जावईबापूंकडे, जावईबापू बंगळुरूला. मी त्यांना तीन बदल कळवले: ठिकाण बदला, वजनगट बदला, आणि तक्रारींसाठी समितीचा नंबर द्या. नंतर पाठपुरावा करायचा सोडून मी प्रश्नावलीत 'संकेतस्थळ' लिहावं का 'वेबसाइट' यावर चिटणिसांशी दोन संध्याकाळी वाद घातला. ग्रुपवर ठिकाणाची एक ओळ टाकली असती तरी काम झालं असतं. ती टाकायचं सुचलं नाही; तेव्हा मी अभिप्राय मागत होतो.

जावईबापूंनी चाचणी उरकल्यावर तिसऱ्या दिवशी तिसरा बदल केला. बाकीचे दोन 'मोठं काम आहे, दिवाळीनंतर बघू'.

अहवाल मी कार्यकारिणीला दिला. चाळीस फॉर्म, त्यातल्या सव्वीसांवर 'छान', चारांवर 'मॅट कधी घेणार', एकावर कुणाचं तरी उसाचं गणित. बाईंचा फॉर्म मी सगळ्यात वर लावला होता. तो फिरत फिरत खजिनदारांकडे पोचला. त्यांनी पाठपोट वाचला, मान हलवली आणि विचारलं, "झेरॉक्सचं पक्कं बिल आहे का?" दोनशे रुपये अजून अडकलेत. शेवटी एक ठराव झाला: पदाधिकाऱ्यांचे फोटो नवे काढावेत. कुणीतरी आप्पांचं बोलणं पोचवलं होतं, कारण अध्यक्ष म्हणाले, मी मधे उभा राहीन.

काल रात्री पुन्हा फोन आला. नेहमीप्रमाणे "मॅटवरही नाही, मातीवरही नाही, चाचणी संपली" असं म्हणणार, तेवढ्यात आवाज ओळखला. त्याच बाई. येत्या रविवारी किशोरी गटाची चाचणी आहे. मी ठिकाण सांगितलं, वजनाची वेळ सांगितली, एसटीतून कुठे उतरायचं तेही सांगितलं.

"नक्की ना सर? संकेतस्थळावर वेगळंच दिसतंय."

"बाई," मी म्हणालो, "ते बघत जाऊ नका."