पंपाला विमा आहे, फिटरला नाही

मार्च लागला की आमचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. सोलापूरच्या उन्हात अकरानंतर पत्र्यावर पाय ठरत नाही. त्यामुळे स्ट्रक्चर उभं करायचं, पॅनल चढवायची ती सकाळीच; इन्व्हर्टर, अर्थिंग, वायरिंग ही खालची कामं दुपारी. आयटीआयला वायरमन केलं, मग काही वर्षं मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काढली, आणि आता आठ वर्षं सोलरमध्ये आहे.

हे काम मला मनापासून आवडतं. शेतातला सोलर पंप सुरू करून दिला की पाइपातून पाणी येईपर्यंत सगळं घर बांधावर उभं असतं. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाच्या बायकोला विचारा, दिवसा पाणी मिळणं म्हणजे काय. साप-विंचवाची भीती गेली म्हणून एका आजींनी माझ्या हातावर भाकरी-ठेचा ठेवला होता. म्हणून हे लिहितोय ते सोलरच्या विरोधात आहे असं कृपया कुणी वाचू नका.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याबरोबरचा हेल्पर सिमेंटच्या पत्र्यातून खाली गेला. वय बावीस. पॅनलचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. साडेपाचशे वॅटचं पॅनल अठ्ठावीस किलोच्या आसपास असतं आणि त्याची लांबी माणसापेक्षा जास्त, त्यामुळे धरून चालताना पायाखालचं दिसत नाही. सिमेंटचा पत्रा जुना झाला की वरून चांगला दिसतो आणि वजन पडलं की तुटतो. त्यावर फळ्या टाकून चालायचं असतं, आणि कमरेला नव्हे, अंगभर पट्टा बांधून दोर पक्क्या जागी अडकवायचा असतो. हे मला माहीत होतं. सोलर बसवायला शिकवणाऱ्या सरकारी सूर्यमित्र कोर्समध्ये आम्हाला ते शिकवलं होतं, बांधूनही दाखवलं होतं. साइटवर मात्र ना फळ्या होत्या, ना पट्टा. त्या दिवशी दोन साइट संपवायच्या होत्या, कारण आमचा दर किलोवॅटवर असतो. थांबलो की पैसे बुडाले.

त्याचा मणका दुखावला. दवाखान्यात त्याच्या आईनं मला एकच विचारलं, "दादा, तुम्ही मोठे होतात ना बरोबर?" ते मी विसरू शकत नाही आणि विसरायचंही नाही.

नंतर कळलं की तो कुणाकडेच कामाला नव्हता. अर्ज एका कंपनीच्या नावावर, तिनं काम दिलं मोठ्या ठेकेदाराला, त्यानं तालुक्याच्या ठेकेदाराला, आणि त्यानं फोन केला मला. चौघांच्याही वहीत त्या पोराचं नाव नाही. हजेरी नाही, पगारपत्रक नाही. नुकसानभरपाईचा कायदा आहे, पण तो लागू व्हायला आधी मालक सापडावा लागतो.

आता एक गोष्ट शांतपणे वाचा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकरी दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर पाच. त्यात पाच वर्षांची दुरुस्ती हमी मिळते, विम्यासह. पंपाचा विमा. तो असायलाच हवा, गरीब माणसाची वस्तू आहे ती. पण तोच पंप बसवणाऱ्याचा विमा आहे का, हे आठ वर्षांत एकाही साइटवर मला कुणी विचारलं नाही.

"खासगी ठेकेदार काय करतो त्यात सरकार काय करणार?" असं मला सांगितलं जातं. मला ते पटत नाही. घराच्या छतावर सोलर बसवायच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजार रुपये सबसिडी आहे, आणि ती हवी तर पॅनल भारतात बनलेलं, आतला सेलही भारतातलाच, अशी अट आहे. ती अट पाळली जाते, कारण पाळली नाही तर पैसे अडकतात. सिस्टिम बसल्याचे फोटो पोर्टलवर टाकावे लागतात, वीज कंपनीचा माणूस तपासून जातो, मगच पैसे खात्यात येतात. पॅनल कुठं बनलं हे जर इतकं काटेकोर बघता येतं, तर ते वर कुणी चढवलं, त्याच्या अंगावर पट्टा होता का, त्याचा विमा नंबर काय, हे त्याच अर्जात का विचारता येत नाही? चांगला पट्टा दोरासकट दोन-तीन हजारांत येतो.

पडण्याचीच भीती असते असंही नाही. तीन किलोवॅटला सहा पॅनल ओळीनं जोडली की तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, तयार होते. ऊन आहे तोवर पॅनल बंद होत नाही. खालचा स्विच पाडला तरी वरची वायर जिवंतच, आणि डीसीची ठिणगी एकदा धरली की लवकर विझत नाही. हे न शिकवता गावातून पोरं गोळा करून वर चढवली जातात.

आपल्या राज्यात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत सोलर पॅनल बसवणंही आहे. माझ्या ओळखीतल्या बहुतेक फिटरना हे माहीतच नाही. फिटर बांधवांनो, नोंदणी करा. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार देत नसेल तर ग्रामसेवकाकडे जा, शहरात असाल तर पालिकेत. मी आमच्या सहा जणांचे कागद घेऊन तीनदा गेलो, चौघांची झाली. दोघांचं अडकलंय, पाठपुरावा सुरू आहे.

आणि ज्यांच्या छतावर आम्ही चढतो त्यांना एक विनंती. दोन कोटेशनमध्ये पाच हजारांचा फरक दिसला तर तो कुठून निघाला ते विचारा. पोरं वर चढायच्या आधी पट्टा बघा. नसेल तर काम थांबवा, आम्ही रागावणार नाही.

हवामान बदलावरच्या 2015 च्या पॅरिस करारात, प्रस्तावनेतच, कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतर (म्हणजे कामगारांना वाऱ्यावर न सोडता होणारा बदल) आणि सन्मानाचं काम हे शब्द आहेत. आपल्या देशानं 2 ऑक्टोबर 2016 ला तो मान्य केला. अपघातानंतर मी ते शोधून वाचलं आणि छापून टेम्पोत ठेवलंय. ठेकेदाराशी बोलताना काढून दाखवतो.

तो पोरगा आता काठी घेऊन चालतो. मोबाईलच्या दुकानात बसतो. परवा म्हणाला, "दादा, बरा झालो की परत येतो, पण खालचं काम द्या, वायरिंगचं." मी हो म्हणालोय. दोन पट्टे स्वतःच्या पैशांनी घेतलेत, फळ्या सुताराकडे टाकल्यात, आणि फळ्या टाकू न देणाऱ्या दोन साइट या महिन्यात सोडल्या.