लिफ्टजवळचं पान कोणी काढलं?

आज संध्याकाळी कामावरून आले तर लिफ्टजवळच्या फळ्यावरचं माझं पक्षी-झाडांच्या नोंदींचं पान गायब. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी होती, आपोआप पडणं शक्य नाही. सोसायटीत विचारल्यावर उत्तर मिळालं, "फळा नोटिसांसाठी आहे, पक्ष्यांसाठी नाही." तेव्हापासून डोकं तापलंय.

काय होतं त्या पानावर? पहाटे येऊरच्या जंगलाच्या बाजूने पावशा पक्ष्याची "पेर्ते व्हा" अशी हाक. स्टेशनबाहेर मावश्यांच्या टोपल्यांत शेवळं ही रानभाजी आणि शेजारी तिच्यात घालायची काकडं. मागच्या बहाव्याला धरलेल्या कोवळ्या शेंगा. कोणाचं पार्किंग अडलं यात?

तांबट पक्ष्याची गोष्ट तुमच्यातल्या काहींनी ऐकली असेल, तरी सांगते. गेल्या वर्षी गेटजवळच्या गुलमोहराच्या वाळक्या फांदीत तांबटाची जोडी ढोली कोरत होती. मी तारीख घालून वहीत लिहिलं, फांदीचं चित्र काढलं आणि पान खाली लावलं. मे महिन्यात छाटणीवाले आले. परवानगीचा कागद त्यांच्या हातात, आणि वाळकी फांदी तर पहिली जाणार. मी ऑफिसात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "पिल्लं आहेत तिथे. लिफ्टपाशी लिहिलंय, वाचा आधी." फांदी राहिली. पिल्लं उडून गेल्यावरच उतरवली.

वही माझ्या कपाटात असती तर आजींना कसं कळलं असतं?

खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला सोसायटीतली हीच मंडळी ऐरोलीहून बोटीत बसतात, स्टेटसला फोटो टाकतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला तेव्हा किती अभिमान! आणि गेटवरचा तांबट म्हणजे कचरा? पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला घराजवळच्या सुगरण पक्ष्यांकडेच बघत बसून नोंदी केल्या ना? नर एकामागून एक घरटी विणतो, मादी पसंत पडेल त्यात राहायला येते, हे त्यांनी लिहून छापलं म्हणून आपल्यापर्यंत आलं.

बरं, पाणी बंद असल्याची नोटीस झाकली जाऊ नये, हे मान्य. पान कोपऱ्यात लावेन. पण न विचारता फाडायचं?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, कारण आजी आठवतायत. त्या छाटणीनंतर त्या मला खिडकीतून हाका मारून नोंदी देतात. थंडीत हळद्या पक्षी पिंपळावर आला, तो त्यांनी आधी पाहिला. कोकीळ यंदा कधी ओरडायला लागला, हे त्यांनी कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवलंय. कॅमेरा नाही, पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं ई-बर्ड माहीत नाही. माझ्या वहीत आता त्यांच्या नावाने नोंदी आहेत, आणि मला त्या माझ्या नोंदींपेक्षा जास्त आवडतात. आज पान गेलेलं बघून त्यांनीच विचारलं, "या आठवड्यात काही दिसलं नाही का गं?" काय सांगणार त्यांना?

पान मी उद्या पुन्हा लिहिणार आहे. ठाण्यातल्या, नवी मुंबईतल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या जिन्यातही एक लावा. तारीख, वेळ, झाड, काय दिसलं, एवढं पुरे. फोटो नसला तरी चालेल, नाव माहीत नसलं तर वर्णन लिहा, कोणीतरी सांगेल. फक्त घुबडाचं घरटं असेल तर जागा लिहू नका, फ्लॅश मारणारे फोटोवाले पोचतात.