‘नांगरट जितकी खोल, तितकं पीक जोमदार’ हे खरं नाही

ज्वारीची काढणी उरकली की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरायला लागतो. यंदा तो मला सहा जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की उन्हाळ्यात दरवर्षी पलटी नांगरानं, म्हणजे माती उलथवणाऱ्या नांगरानं, फूटभर खोल नांगरट केलीच पाहिजे; आपले पूर्वज हेच करत आले; त्यानं पाणी मुरतं, कीड आणि तण उन्हानं मरतं, मुळं खोल जातात; आणि परदेशात तर नांगरणीच्या जागतिक स्पर्धा होतात. शेवटी ठळक अक्षरांत ती ओळ, जी मी वर घेतली आहे.

यात थोडं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण ‘दरवर्षी’ आणि ‘जितकी खोल तितकं’ या दोन गोष्टी आपलं रान, म्हणजे शेत, बिघडवत आहेत.

आधी पूर्वजांचं घेऊ, कारण तिथंच सगळ्यात मोठी चूक आहे. जुना नांगर बाभळीचा, टोकाला लोखंडी फाळ. तो माती फाडतो, पलटी करत नाही. खोलवरच्या काळ्या रानात सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपून मोठा नांगर चालवत, हे खरं. पण तो हरळी-कुंद्यासारखं चिवट तण माजलं की, काही वर्षांतून एकदा. एरवीच्या वर्षी मशागत म्हणजे कुळवाच्या पाळ्या, विदर्भात वखराच्या; दोन्ही आडव्या पात्यानं वरचीच माती मोकळी करणारी अवजारं. बैल कमी होते म्हणून असं करत, असं कुणी म्हणेल. तेही असेल. पण काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की फाटते. एप्रिल-मेमध्ये कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत घसरते, पावसात भेगा मिटतात, खालची माती हळूहळू वर येते. ही जमीन आपली आपण उलथते, हे बांधावर उभं राहून पाहिलेल्या माणसांनी ओळखलं होतं.

आणि शास्त्रज्ञांचं म्हणाल, तर १९३०च्या दशकात सोलापूरला कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू झालं. त्यातून जी शिफारस पुढे आली, तिच्यात बांधबंदिस्ती, शेणखत, रुंद ओळी, कमी बियाणं, वारंवार कुळवणी आणि नांगरट तीन वर्षांतून एकदा असं होतं. खोल नांगरटीचा पुरस्कार करणाऱ्यांनीसुद्धा ‘दरवर्षी’ म्हटलं नव्हतं. माती पलटणारा लोखंडी नांगर तर आपल्याकडं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी रुजवला. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून सुरुवातीला लोक तो घेत नव्हते. ती भीती चुकीची होती आणि त्या नांगरानं हरळीनं व्यापलेली कितीतरी रानं सोडवली. पण त्याला हजारो वर्षांची परंपरा म्हणणं बरोबर नाही.

आता पाणी. नांगरलेलं रान पहिला पाऊस भराभर पितं, हे मान्य. पुढं काय होतं ते बघा. एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे साधारण १ लाख लिटर पाणी. तो तासाभरात कोसळला तर उघड्या ढेकळांची माती विरघळते, वर पापडी धरते, आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाला पाणी वरूनच वाहायला लागतं. खाली वेगळीच अडचण. पलटी नांगर ओढताना ट्रॅक्टरचं एक चाक तासातून, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चरातून, चालतं, फाळाचा तळ दरवर्षी त्याच खोलीवर घासतो, आणि तिथं दगडासारखा थर बसतो. फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारा रोटाव्हेटर तसाच थर आणखी वर तयार करतो. माझ्या खालच्या तुकड्यात मी स्वतः बारा वर्षं न चुकता मे महिन्यात नांगरट केली. नंतर एका सप्टेंबरात सळई घालून पाहिली, तर नऊ इंचांवर अडली. बांधाच्या कडेला, जिथं नांगर कधी गेला नव्हता, तीच सळई दोन फूट सहज गेली. त्या बांधाकडेच्या मातीत गांडुळांनी आणि कुजलेल्या मुळांनी केलेली भोकं होती. तीच पाण्याची खरी वाट, आणि ती आपण दर उन्हाळ्यात तोडतो. शिवाय माती उलथली की तिच्यातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्याचा अंश, हवेशी भिडून लवकर जळतो. कर्ब गेला की ओल धरायला मातीत काही उरत नाही.

नांगरट करायचीच असेल तर ती उताराला आडवी करावी. उताराच्या दिशेनं पाडलेलं प्रत्येक तास पहिल्या वळवाला ओहोळ होतं. संदेशात याबद्दल एक अक्षर नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

किडीच्या मुद्द्यात तथ्य आहे. मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या, बोंडअळीचे कोष वर येतात, बगळे आणि कावळे मागोमाग येऊन वेचतात. ज्या रानात मागच्या वर्षी हुमणीनं ऊस वाळवला, तिथं नांगर जरूर घाला. पण हुमणीचे भुंगेरे वळवानंतर रात्री बाभळी-कडुनिंबावर जमतात. ते गावानं मिळून गोळा केले नाहीत तर शेजारच्या रानातून परत येणार. आणि कपाशीची फरदड ठेवून, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक पुढं राखून, पऱ्हाट्या (वाळलेली झाडं) बांधावर रचून खाली नांगरट केली, तर बोंडअळी त्या ढिगातच मुक्कामाला असते.

तणाचंही तसंच. हरळीच्या काश्या, म्हणजे जमिनीतली खोडं, वेचून बाहेर काढल्या तर नांगरटीचा फायदा. नाही वेचल्या तर एका काशीच्या दहा होतात. लव्हाळ्याच्या गाठी तर रोटाव्हेटर रानभर पेरतो. बियांचं म्हणाल, तर अमेरिकेत मिशिगनमध्ये १८७९ साली वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी तणांचं बी बाटल्यांत भरून पुरलं. २०२१ साली काढलेल्या बाटलीतलं काही बी उगवलं. म्हणजे खाली गाडलेलं तण मेलेलं नसतं; पुढच्या वर्षीची खोल नांगरट ते उजेडात आणते.

मुळं खोल जातात, हा दावा हलक्या रानात उलटा पडतो. वीतभर मातीखाली मुरूम किंवा चुनखड असेल तर फूटभर नांगरट तीच वर आणते. पाच-सहा इंचांची चांगली माती खाली आणि चुनखड वर, अशी झालेली रानं मी पाहिली आहेत. ती पूर्ववत करायला शेणखताच्या किती गाड्या लागतात, ते त्या घरांना विचारा.

जागतिक नांगरणी स्पर्धा खरंच होते, पहिली १९५३ साली कॅनडात झाली. तिथं तास किती सरळ, माती किती एकसारखी पलटली, धसकटं किती गाडली गेली याला गुण मिळतात. ते कसब आहेच. पण त्यात पिकाचं माप नसतं. दुसरीकडं ब्राझीलच्या पराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्यानं पावसात माती वाहून जाताना पाहिली आणि १९७२ साली विनानांगरणी पेरणी सुरू केली. आपल्याकडं रायगड जिल्ह्यातल्या नेरळला शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी कायमच्या गादीवाफ्यांवर, चिखलणी न करता, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवून भात पिकवून दाखवला. या पद्धतींत तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो, ही त्यांची दुबळी बाजू आहे, आणि ती लपवून कुणाला नांगर सोडायला लावणं मला पटत नाही.

शेवटी खर्च. एक एकर नऊ इंच खोल नांगरायचा म्हणजे जवळपास १,२०० टन माती उलथायची. डिझेल त्याचं जळतं. म्हणून या पावसाळ्यात एवढं करा: चांगला पाऊस होऊन वापसा आला की, म्हणजे जादा पाणी निथळून रानात काम करता येईल इतकी ओल राहिली की, अर्ध्या इंचाची सळई घेऊन रानात दहा ठिकाणी दाबा, आणि बांधाच्या कडेलाही. मे महिन्यात हे करू नका, तेव्हा काळी माती सगळीकडंच कडक लागते. सळई सगळीकडं खाली जात असेल आणि हरळी नसेल, तर पुढच्या उन्हाळ्यात कुळवाच्या दोन पाळ्या पुरतात. जिथं अडेल तिथं खूण करून ठेवा. त्या जागी पलटी नांगर नको. मे महिन्यात, रान पूर्ण वाळल्यावर, सबसॉयलर, म्हणजे माती न पलटता खालचा थर फोडणारं अवजार, उताराला आडवा चालवा. ओल्या रानात तो थर फुटत नाही, नुसता चिरतो.