वेल्सचा तो शेतकरी मंत्री झालाच नव्हता

मावसभावाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलाय आणि खाली स्वतःची ओळ जोडलीय: ‘आपणही टँकर अडवायला पाहिजेत.’ डिझेलच्या भावाने तो पिचलाय, त्याचा राग कळतो. पण म्हणून काहीही खरं मानायचं?

मजकूर थोडक्यात असा: वेल्समधल्या ब्रिन्ले विल्यम्स नावाच्या शेतकऱ्याने २००० साली एकट्याने रिफायनरी बंद पाडली, आठवड्यात सरकारने इंधनावरचा कर रद्द केला, लोकांनी त्यांना कृषिमंत्री केलं, त्यांनी शेतकऱ्यांना स्वस्त डिझेल दिलं, आणि आजही ते मंत्री आहेत.

माणूस खरा आहे. फ्लिंटशायरमधल्या किलकेनचे, मेंढ्या आणि गुरं पाळणारे. आंदोलनही खरं. ‘एकट्याने’ मात्र नाही. शेतकऱ्यांबरोबर मालवाहतूकदारही होते. आणि ती स्टॅन्लोची रिफायनरी इंग्लंडमध्ये आहे, वेल्समध्ये नाही.

सगळ्यात मोठी थाप स्वस्त डिझेलची. ब्रिटनमध्ये ट्रॅक्टरसाठी लाल रंग घातलेलं डिझेल मिळतं, त्यावर कर बराच कमी. रस्त्यावरच्या गाडीत ते सापडलं तर दंड. ही सवलत विल्यम्स राजकारणात यायच्या कितीतरी आधीपासूनची. त्यात त्यांनी देण्यासारखं काही नव्हतं, आणि द्यायचं ठरवलं असतं तरी देता आलं नसतं. २००३ साली ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून वेल्सच्या विधानसभेत गेले, तेही उत्तर वेल्सच्या प्रादेशिक जागेवर. तिथे ६० पैकी २० जागा पक्षांच्या यादीतून भरल्या जात, त्यांतली ही एक. त्या सभागृहाला तेव्हा स्वतःचा मूळ कायदा करण्याचाही अधिकार नव्हता. इंधनावरचा कर ठरायचा लंडनमध्ये. आपल्याकडे निदान व्हॅट तरी राज्याच्या हातात असतो. कार्डिफकडे, म्हणजे वेल्सच्या राजधानीतल्या त्या विधानसभेकडे, तेवढंही नव्हतं. म्हणजे ज्या करासाठी हा माणूस रस्त्यावर उतरला, त्याला हात लावता येणार नाही अशाच सभागृहात तो निवडून गेला. खरी गोष्ट ही आहे, आणि फॉरवर्डपेक्षा जास्त रंजक आहे.

मंत्रिपदाचं तर नावच नको. ते आमदार असताना सरकार कायम लेबरचं किंवा लेबरच्या आघाडीचं होतं. विल्यम्स विरोधी बाकावरून शेतीवर बोलत राहिले. शेतकऱ्याच्या घरातलीच मंत्री हवी असेल तर २००७ ते २०११ ग्रामीण खातं सांभाळणाऱ्या प्लाइड कम्री या वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाच्या एलिन जोन्स आहेत. पण त्यांनी रिफायनरी अडवली नव्हती, मग त्यांचा फॉरवर्ड कोण करणार!

आता कर. ब्रिटिश संसदेच्या ग्रंथालयाने इंधनकराचा इतिहास टिपणांत मांडलाय, तो वाचला की अर्धा फॉरवर्ड गळून पडतो. दरवर्षी महागाईच्या वर हा कर वाढवायचं धोरण १९९३ साली आणलं कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारनेच, म्हणजे विल्यम्स पुढे ज्या पक्षात गेले त्याच पक्षाने. लेबरचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी ते नोव्हेंबर १९९९ मध्ये थांबवलं, सप्टेंबर २००० च्या त्या आंदोलनाच्या दहा महिने आधी. कर रद्द कधीच झाला नाही. हो, आंदोलनाने काहीच मिळालं नाही असंही नाही, हे कबूल करावं लागतं: नोव्हेंबर २००० मध्ये ब्राउन यांनी दर गोठवले आणि कमी गंधकाच्या इंधनावर थोडी सूट जाहीर केली. सप्टेंबरमध्ये लेबर मतचाचण्यांत मागेही पडला होता. पण पुढच्याच जूनमधल्या निवडणुकीत लेबरचे पंतप्रधान टोनी ब्लेअर १६७ जागांच्या बहुमताने परत आले. सरकार गुडघ्यावर वगैरे आलं नाही.

आणि टँकर अडवण्याचं म्हणशील, तर त्या आठवड्यात ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला रेड अलर्ट द्यावा लागला, इस्पितळांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, दुकानांत पाव-दुधाची टंचाई झाली. १४ सप्टेंबरला स्टॅन्लोचं आंदोलन थांबलं आणि ते थांबवण्यात विल्यम्सच पुढे होते. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही. दादा, आपल्याकडे टँकर थांबले तर पहिली अडकेल ती तुझीच दुधाची गाडी.

राहता राहिलं ‘आजही मंत्री’. विल्यम्स १ एप्रिल २०११ रोजी, बासष्टाव्या वर्षी वारले.